जुन्या एक-इंची नकाशांवरून बुजलेल्या ओढ्यांचा शोध

कृष्णाकाठच्या गावांतून फिरताना दोन तक्रारी वारंवार कानी येतात. पहिली अशी की, पूर्वी सोन्यासारख्या पिकणाऱ्या जमिनीवर हल्ली पांढरा थर येतो, ऊस खुरटतो व गुडघाभर खोदले की पाणी लागते. दुसरी पुराची. २००५, २०१९ व २०२१ या सालांत शिवारात शिरलेले पाणी नदी ओसरल्यावरही कित्येक ठिकाणी दिवसेंदिवस साचून राहिले, असे शेतकरी सांगतात. या दोहोंची कारणे पुष्कळ आहेत व ती सर्व एका लेखात मावणारी नाहीत. त्यांपैकी एक कारण दोन्ही तक्रारींस समान आहे, ते म्हणजे बुजलेले ओढे. त्यांचा माग काढण्याचे एक स्वस्त साधन आपल्यापाशी असून त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. ते साधन म्हणजे भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने एक-इंची नकाशे.

हे खाते १७६७ सालचे. लॅम्टन याने १८०२ साली मद्रासकडे सुरू केलेल्या त्रिकोणमापनाचे जाळे पुढे सर्व देशभर पसरले व त्याच्या आधारावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एका मैलास एक इंच या प्रमाणाचे रंगीत नकाशे तयार झाले. आपला मुलूख ४७ या मोठ्या चौकटीत येतो. सांगली व मिरज ४७ एल ९ या पत्रकावर, तर कऱ्हाड ४७ के ३ या पत्रकावर सापडेल. एका पत्रकात सुमारे सतरा मैल लांब व त्याहून किंचित कमी रुंद एवढा प्रदेश सामावतो. पाणी निळ्या रंगात, झाडी हिरव्या, लागवडीची जमीन पिवळ्या, आणि उंचीच्या समोच्च रेषा तपकिरी रंगात असतात. कोरडे ओढे काळ्या रेघेने दाखविलेले असतात. आपणांस या काळ्या रेघाच पाहावयाच्या आहेत.

तलाठ्याकडील गाव नकाशा व हा नकाशा एक नव्हेत. गाव नकाशा कोणाचे शेत कोठे हे सांगतो, हा नकाशा जमिनीचा उतार कोणीकडे हे सांगतो. सबब हद्दीच्या वादात याचा काडीचाही उपयोग नाही. तेथे टिपण व फाळणी हीच कामाची. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, कारण नकाशा हाती आला की बांधावरचा जुना तंटा प्रथम आठवतो, असा आमचा अनुभव आहे.

पत्रक मिळाले म्हणजे प्रथम समासातील मोजणीचे साल पाहावे. छपाईचे साल निराळे व मोजणीचे निराळे. कित्येकदा जुनीच मोजणी, वर एखादा रस्ता वा पूल तेवढा नवा घालून, पुन्हा छापलेली असते. हे ताडून पाहण्यास खुणा आहेत. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. त्यापूर्वीच्या मोजणीत तिचा पत्ता असणार नाही, कुंडलरोड स्टेशन मात्र असेल. ओगलेवाडीचा काचकारखाना १९१६ चा, सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा. अमेरिकन लष्कराने १९५० नंतर काढलेले सुमारे चार मैलांस एक इंच प्रमाणाचे नकाशेही पाहावयास मिळतात, परंतु ते बव्हंशी आपल्याच खात्याच्या नकाशांवरून बेतलेले असून त्यांत लहान ओढे दिसत नाहीत. संस्थानांच्या सीमांनीही गोंधळून जाऊ नये. सांगली, मिरज, औंध, जत यांची गावे जिल्ह्याच्या गावांत अशी मिसळलेली होती की नकाशा गोधडीसारखा दिसतो. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली उत्तर व दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले, व १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले.

आता प्रत्यक्ष काम. नवा नकाशा पन्नास हजारास एक या प्रमाणाचा असतो, जुना त्रेसष्ट हजार तीनशे साठास एक. म्हणून जुन्याची छायाप्रत सुमारे सव्वापटीहून किंचित मोठी (१.२७ पट) करून घ्यावी, म्हणजे दोन्ही जुळतात. जुळविताना न हलणाऱ्या खुणा धराव्यात: डोंगरावरील त्रिकोणाची खूण, टेकडीवरचे देऊळ, गावठाण. नदीचे पात्र धरू नये, ते स्वतःच सरकते. मग पारदर्शक कागद ठेवून जुने ओढे तांबड्या शाईने व नवे निळ्या शाईने गिरवावेत. जेथे तांबडी रेघ एकटीच राहते तेथे थांबावे. क्षेत्र काढावयाचे असल्यास मूळ, न वाढविलेल्या जुन्या पत्रकावर अष्टमांश इंचाचे चौकोन आखावेत. एक चौरस इंच म्हणजे ६४० एकर, त्यात असे ६४ चौकोन, अर्थात प्रत्येक चौकोन दहा एकरांचा.

दोन पत्रके शेजारी ठेवली की मोठे फरक आपोआप डोळ्यांत भरतात. कोयनेचे खोरे जुन्या पत्रकावर गावे, पायवाटा व नदीचा निळा पट्टा असे आहे, नव्यावर तेथे शिवसागराचे पाणी पसरले आहे. परंतु कालव्याचे पाणी आपल्याकडे नवीन नाही. खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघणारा कृष्णा कालवा एकोणिसाव्या शतकातील आहे. नवीन आहे ती उपसा पाण्याची विपुलता व तिच्यामागून आलेला ऊस.

ऊस आला तेव्हा जमीन सपाट करणे भाग पडले. ओढ्याचे पात्र प्रथम अरुंद झाले, मग त्यात नांगर चालला, शेवटी रस्त्याच्या भरावाखाली एक नळी तेवढी उरली. काळ्या भारी जमिनीत पाणी सावकाश मुरते व सावकाशच निघते. जादा दिलेले पाणी खाली साचून वर चढते, त्याबरोबर क्षार पृष्ठभागी येतात, पाणी उन्हाने उडून जाते आणि क्षार राहतात. या पाण्यास बाहेर पडण्याची नैसर्गिक वाट ओढ्याचीच होती. पुराचे पाणी उतरावयाची वाटही तीच.

मात्र नकाशाचे म्हणणे तपासल्यावाचून मानू नये. एक-इंची पत्रकावर प्रत्येक ओघळ दाखविता येत नाही, म्हणून रेघ नसणे हा ओढा नसल्याचा पुरावा नव्हे. समोच्च रेषा पन्नास पन्नास फुटांनी काढलेल्या असतात, व कृष्णाकाठच्या सपाटीवर दोन रेषांत बरेच अंतर पडते. त्यांच्या भरवशावर चर खोदू नये, त्यास दुर्बिणीची लेव्हल लावलीच पाहिजे. श्रावणातील मोठ्या पावसात तांबड्या रेघेवर चालत जावे, पाणी आपली जुनी वाट विसरत नाही. म्हाताऱ्या माणसांस शेतांची जुनी नावे विचारावीत. जेथे आज पाण्याचा थेंब दिसत नाही अशा शेतास 'ओढ्याची पट्टी' म्हणतात, तेव्हा समजावे. सातबाऱ्यावरील पोटखराबाही पाहावा. ओढ्याने व्यापलेली जमीन त्यात 'ब' वर्गात नोंदलेली असते, आणि तिच्यात पीक उभे असेल तर काय घडले हे निराळे सांगावयास नको.

पुढचे काम एकट्याचे नव्हे. वरच्या शेतकऱ्याने आपल्यापुरता ओढा मोकळा केला तर खालच्याचे पीक बुडते, व भांडण ठरलेलेच. म्हणून ओढा मुखाकडून, म्हणजे नदीच्या बाजूने, वर वर मोकळा करीत यावा, व तत्पूर्वी दोन्ही काठांच्या खातेदारांस चावडीवर बसवून हा दुरंगी कागद दाखवावा. शेतात निचऱ्याच्या नळ्या पुरण्यास पुष्कळ खर्च येतो, आणि त्यांचे पाणी सोडावयास मोकळा ओढा नसेल तर तो वाया जातो. नळ्यांची खोली व अंतर जमिनीच्या जातीवर ठरते. याविषयी मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्रात विचारावे. नवी पत्रके सर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, जुनी मोठ्या ग्रंथालयांत शोधावी लागतात. मागताना गावाच्या नावाऐवजी पत्रकाचा क्रमांक सांगावा. जुन्या पत्रकांवरील नावे इंग्रजी लिपीत असून त्यांची वर्णरचना आजच्याहून वेगळी असते, त्यामुळे नावावरून गाव हटकून चुकते.