ओवीच्या बाबाला

नाशिक

चि. केदार,


अक्काने फोनवर ओवीच्या रिपोर्टमधलं सगळं वाचून दाखवलं. तू हल्ली कोणाशी फारसं बोलत नाहीस, उशिरा घरी येतोस, आलास की लॅपटॉप उघडतोस, हेही तिने सांगितलं. मी फोन केला तर तू ‘हो मामा, ठीक आहे’ म्हणशील आणि ठेवशील. म्हणून लिहितो आहे. हे पत्र मृण्मयीला दाखवलंस तरी चालेल, पण ते तुझ्यासाठी आहे. मुलीचा बाप म्हणून मी जे शिकलो ते तुला वेळेवर मिळावं, एवढीच इच्छा.

आधी कारणाचं बोलू, कारण तुमच्या घरात सध्या तोच विषय चालू आहे. ओवीला ऑटिझम आहे तो मृण्मयीच्या नोकरीमुळे नाही. पाळणाघरामुळे नाही, मोबाइलमुळे नाही, गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही म्हणूनही नाही. मेंदूची जडणघडणच जन्माआधीपासून वेगळी होत जाते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. अक्काला मी हे स्पष्ट सांगितलं आहे. ती माझी मोठी बहीण आहे, तिचा जीव ओवीत आहे, पण सुनेला दोष लागेल असं एक वाक्यही तिने बोलू नये, असं मी तिला म्हटलं. तेच तूही तिला सांगायला हवंस. मामाने सांगणं वेगळं आणि मुलाने सांगणं वेगळं.

आईला दोष देण्याची ही खोड फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत लिओ कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचा अभ्यास मांडला आणि ऑटिझमची ओळख तिथून झाली. पुढची कित्येक वर्षं मोठमोठे डॉक्टर म्हणत राहिले की आई थंड मनाची असली, तिने माया केली नाही, की मूल असं होतं. केवढ्या बायकांनी हे ओझं उगाच वाहिलं असेल! त्याला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकेच्या नौदलात मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा मुलगा ऑटिस्टिक होता. आपल्या बायकोने काय केलं आहे हे ते रोज घरात बघत होते आणि पुस्तकांत मात्र उलटंच लिहिलेलं होतं. मिळेल ते संशोधन त्यांनी वाचून काढलं आणि १९६४ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहून दाखवून दिलं की हा प्रश्न आईच्या मायेचा नाही, मेंदूच्या रचनेचा आहे. केदार, तूही रात्री वाचतच बसतोस असं कळलं. वाच. पण वाचलेलं तिच्या बाजूने वापर.

हेही सांगतो की पुढे हेच रिमलँड लसींना दोष देण्याच्या वाटेला गेले, आणि ती वाट चुकीची ठरली. १९९८ मध्ये लंडनच्या अँड्र्यू वेकफील्ड या डॉक्टरने बारा मुलांवर एक लेख लिहून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर संशय आणला. २०१० मध्ये नियतकालिकाने तो लेख मागे घेतला आणि त्याचा डॉक्टरकीचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या, २०१९ मध्ये निष्कर्ष आले, त्या लसीचा आणि ऑटिझमचा संबंध काही सापडला नाही. तेव्हा ओवीचा पाचव्या वर्षाचा डोस चुकवू नका, ग्रुपवर कोणी काहीही पाठवो.

आता आमच्या मुलीचं, जुईचं. तू लहान होतास, तुला आठवत असेल, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की कॉटखाली जाणारी जुई. त्या काळी आम्ही कुठे कुठे गेलो! एकाने ती बहिरी आहे म्हटलं. कान तपासले, ते ठीक निघाले. दुसऱ्याने मतिमंद म्हणून कागदावर लिहून दिलं. मुंबईच्या एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा ऑटिझम हे नाव घेतलं, तोवर ती सहा वर्षांची झाली होती. मुलींच्या बाबतीत हे अजूनही उशिरा लक्षात येतं, कारण मुलगी गप्प बसली की लोक म्हणतात शांत आहे, गुणाची आहे. आणि नाव कळूनही उपयोग थोडाच होता, कारण १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आले, त्यांत तो स्पष्ट लिहिला आहे. तुझी मुलगी चार वर्षांची व्हायच्या आत तुझ्या हातात नेमका रिपोर्ट आहे. तुला तो दुःखाचा कागद वाटतो आहे. मला तर तो फार मोलाचा वाटतो.

जुईचे केस कापणं हे आमच्या घरातलं मोठं संकट होतं. सलूनमध्ये नेलं की ती इतकी ओरडायची, की लोक रस्त्यावरून आत डोकावायचे. हट्टी आहे, लाडावली आहे, दोन फटके द्या, असं सगळेच सांगायचे. तुझी वंदनामामी म्हणाली, हिला दुखत असणार. मी कार्यशाळेत यंत्रांबरोबर काम करणारा माणूस, कुठून आवाज येतो आणि का येतो हे शोधणं माझा रोजचा धंदा. मग मी जुईकडे तसंच बघायला लागलो. कानाजवळ कात्रीचा आवाज आला की ती आक्रसायची. कापलेले बारीक केस मानेवर पडले की तिला ते सुयांसारखे टोचायचे. मागून कोणाचा तरी हात येतो, तो कधी थांबणार हे तिला माहीत नसायचं.

मग घरीच सुरू केलं. आधी बरेच दिवस मिटलेली कात्री तिच्या हातात द्यायची, बस्स. मग लांबून तिच्यासमोर हवेत चालवायची. मानेभोवती ओला पंचा घट्ट गुंडाळायचा, केस ओले करायचे म्हणजे ते उडत नाहीत, समोर आरसा ठेवायचा म्हणजे हात कुठून येतो ते तिला दिसेल. रोज तेच स्टूल, तीच जागा आणि तेच शब्द, त्याच क्रमाने: आधी पाणी, मग कंगवा, मग कात्री, मग आरसा. एका दिवशी एकच बट कापायची. महिने गेले. आणि एका रविवारी तीच पंचा घेऊन आली आणि म्हणाली, आधी पाणी, मग कंगवा. तिचं कामाचं असं पहिलं बोलणं ते. आजही तिचे केस मीच कापतो.

हे एवढं सविस्तर लिहिलं, कारण तुला पुढची अनेक वर्षं हेच करायचं आहे. तिची प्रत्येक अडचण तिच्या बाजूने उलगडून बघायची. मे महिन्यात तुम्ही आला होतात तेव्हा ओवीला तहान लागली की ती ‘ओवीला पाणी हवंय का?’ असं विचारायची, आणि तू म्हणालास की ही नुसतं पोपटासारखं बोलते. अरे, ते बोलणंच आहे! पाणी मिळतं तेव्हा जे वाक्य कानावर पडतं ते तिने उचललं आहे आणि योग्य वेळी वापरलं आहे. आता तुम्ही तिला प्रश्न विचारू नका, तिच्या तोंडी शोभेल ते वाक्य म्हणा, ‘मला पाणी दे’, आणि लगेच पाणी द्या. स्पीच थेरपिस्ट हे नीट शिकवतील. त्यांनी चित्रांचे कार्ड वापरायला सांगितले तर घाबरू नका, चित्रं वापरल्याने मुलं बोलायची थांबत नाहीत.

थेरपीचं म्हणशील तर, सहा ठिकाणी धावाधाव नको. चांगली स्पीच थेरपी, चांगली ऑक्युपेशनल थेरपी आणि तिथे शिकवलेलं घरी रोजच्या जेवण-आंघोळीत उतरवणं, एवढं पुरे. जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे पैसे पडत नाहीत, तिथेही दाखव. आणि जो कोणी ‘पूर्ण बरी करतो’ म्हणेल त्याच्या दारातून परत फिर. स्टेमसेलची इंजेक्शनं हा ऑटिझमवरचा मान्यताप्राप्त उपचार नाही. त्यापायी आईवडिलांनी कर्ज काढलेलं मी पाहिलं आहे, आणि मला त्या विकणाऱ्यांचा फार संताप येतो.

ओवी मुलगी आहे म्हणून एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो, वेळ आली की लिहायला मी असेन नसेन. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली, त्यावरून महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. आमची जुई तेव्हा सहा वर्षांची. ती बातमी वाचून वंदना दिवसभर जेवली नाही. पुढे जुई वयात यायला लागली तेव्हा आम्हालाही एका डॉक्टरांनी तोच सल्ला दिला, ‘कटकट मिटेल’ म्हणून. वंदना खुर्चीवरून उठली आणि मीही उठलो. पाळी येण्याच्या कितीतरी आधी तिने जुईला पॅड बदलायचा सराव दिला, न्हाणीघरात क्रमाने फोटो लावले, मी कॅलेंडरवर लाल ठिपके काढायचो. जुई आज हे स्वतः करते. एवढंच सांगतो की ओवीचं शरीर हे ओवीचं आहे, आणि ते तिला शिकवता येतं.

आता तुझ्याबद्दल. मृण्मयीने राजीनामा द्यायचं ठरवलं आहे असं अक्का म्हणाली, आणि तू काहीच बोलला नाहीस. तुझं ते गप्प राहणं मला पटलं नाही. नोकरी सोडायची की नाही हे तिनेच ठरवावं, पण दुसरं कोणी करणारच नाही म्हणून तिला सोडावी लागू नये. ओवीच्या दिवसातला एक तुकडा पूर्ण तुझा कर. मदत म्हणून नव्हे, तुझा म्हणून. सकाळचं उठवणं, दात घासणं, आंघोळ, डबा आणि शाळेपर्यंत पोचवणं हे तू घे. त्या वेळात मृण्मयी झोपू दे, फिरायला जाऊ दे, काहीही करू दे. महिन्याभरात ओवीबद्दल तुला अशा गोष्टी कळतील ज्या मृण्मयीलाही माहीत नसतील, मग तुम्ही दोघं बरोबरीने बोलाल. आज ती एकटीच जाणते आणि तू ऐकतोस, त्यामुळे तुमचं बोलणंच खुंटलं आहे.

एकटं राहू नका. या क्षेत्रात जे उभं राहिलं त्यातलं किती तरी आईवडिलांनी उभं केलं आहे. इंग्लंडमध्ये लॉर्ना विंग या स्वतः मनोविकारतज्ज्ञ आणि ऑटिस्टिक मुलीची आई. १९६२ मध्ये त्यांनी इतर पालकांबरोबर संघटना काढली, आणि ऑटिझम ही एकच ठरावीक अवस्था नसून तिच्या अनेक छटा असतात हे त्यांच्याच अभ्यासातून पुढे आलं. दिल्लीत मेरी बरुआ यांनी मुलासाठी म्हणून सुरुवात केली आणि १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ उभी केली. आमच्या नाशिकमध्ये रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर काढलं, तेही स्वतःच्या मुलामुळे. तुमच्या पुण्यात तुम्हाला पालकांचे गट सहज मिळतील. पहिल्या बैठकीला तू जा.

आणि मोठ्या झालेल्या ऑटिस्टिक माणसांचंही ऐक. जिम सिंक्लेअर या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या व्यक्तीने १९९३ मध्ये पालकांना सांगितलं की तुम्ही मनात धरलेलं मूल आलं नाही याचं दुःख करा, पण ते आमच्या अंगावर टाकू नका. मी हे फार उशिरा वाचलं, पण वंदना हे पहिल्यापासून जगत आली आहे. अशांपैकीच टेम्पल ग्रँडिन प्राध्यापक झाल्या हे सगळे सांगतात. ओवीकडून तशी अपेक्षा धरू नकोस. आमच्या जुईला कसलीही अचाट बुद्धी नाही, ती कार्यशाळेत कागदी पिशव्या करते, पोळ्या लाटते, चिडली की अजूनही कान झाकून खोलीत जाते, आणि तिच्यावाचून आमचं घर मला कल्पनेतही आणता येत नाही.

कागदोपत्री कामं तू तुझ्याकडे घे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्रासाठी, अर्ज कर. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं की सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा ‘आमच्याकडे अशी मुलं घेत नाही’ म्हणणाऱ्या शाळेकडून ते लेखी माग. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा विमा मिळतो. जुन्या करप्रणालीत राहिलास तर तिच्यासाठी ७५ हजारांची वजावट आहे, अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वा लाखाची.

आमच्यानंतर काय, हा प्रश्न रात्री तुलाही छळत असणार. मला अजून छळतो. जुई अठराची झाल्यावर आम्ही १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेतलं, इच्छापत्र केलं, तिच्या नावाने वेगळी रक्कम ठेवली. तिच्या भावाला आम्ही सांगितलं आहे की बहीण ही तुझ्यावरचं कर्ज नाही, तू तिला भेट, तिच्यावर प्रेम कर, सांभाळायची व्यवस्था आम्ही करू. तरी सगळं सुटलेलं नाही. तिच्यासारख्या मोठ्या मुलामुलींना सन्मानाने राहता येईल अशा जागा आपल्याकडे फार थोड्या आहेत, त्यासाठी आम्ही काही पालक जमतो आहोत. तुझ्यासारखा हिशोबात पक्का माणूस आम्हाला हवा आहे, हेही जाता जाता.

दिवाळीत या. फटाक्यांसाठी कानावर लावायची साधनं जुईकडे जादा आहेत, मागची खोली ओवीसाठी मोकळी ठेवतो. अक्कालाही घेऊन ये. यूडीआयडीचा अर्ज भरलास की कळव, आणि सकाळचा वेळ कसा जमतो आहे तेही लिही. अडलं तर वेळ-अवेळ बघू नकोस, फोन कर.

मृण्मयीला आशीर्वाद, ओवीला गोड पापा.

तुझा,
मामा