संदेष्ट्यांची वाणी आणि पंचांगाचा हिशेब

जगाचा प्रारंभ ईश्वरी इच्छेने झाला आणि त्याची परिपूर्तीही ईश्वरी इच्छेनेच होणार आहे, ही ख्रिस्ती धर्मश्रद्धेची एक आधारशिला आहे. येशू ख्रिस्त पुन्हा येईल, मृतांचे पुनरुत्थान होईल, जिवंतांचा व मृतांचा न्याय होईल आणि देवाचे अनंत राज्य प्रस्थापित होईल, या गोष्टी चौथ्या शतकातील श्रद्धासूत्रांत अंतर्भूत झालेल्या आहेत. पंथोपपंथांत मतभेद असले, तरी हा गाभा बहुतेक सर्वांना मान्य आहे. भारतीय वाचकाला येथे युगचक्राची आणि प्रलयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु दोहोंत महत्त्वाचा भेद आहे. युगे पुनःपुन्हा येतात. ख्रिस्ती कल्पनेतील इतिहास मात्र एकदाच घडतो व एका ध्येयाकडे जातो. म्हणूनच 'हे केव्हा घडेल?' हा प्रश्न ख्रिस्ती मनाला वारंवार अस्वस्थ करीत आला आहे.

या प्रश्नाचे उत्तर आकडेमोडीने काढण्याचे प्रयत्न अनेक शतके झाले. त्यांपैकी विल्यम मिलर याचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. कारण तो लबाड नव्हता आणि वेडाही नव्हता.

मिलर (1782–1849) हा अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्पटन येथील शेतकरी. 1812 साली सुरू झालेल्या युद्धात तो कप्तान होता. तरुणपणी त्याचा बायबलवर विश्वास नव्हता. युद्धानंतर तो बाप्टिस्ट पंथाकडे वळला आणि बायबलचा एकेक शब्द ताडून पाहू लागला. दानीएलच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात, 2300 संध्याकाळ-सकाळ लोटल्यावर पवित्रस्थान शुद्ध होईल, असा उल्लेख आहे. मिलरने एक दिवस म्हणजे एक वर्ष असे गृहीत धरले. इराणचा सम्राट अर्तहशश्त याच्या आज्ञेचे वर्ष इ. स. पू. 457, तेथून त्याने गणना सुरू केली आणि पवित्रस्थान म्हणजे पृथ्वी असा अर्थ लावला. 2300 मधून 457 वजा केले की 1843 उरतात. हा निष्कर्ष 1818 मध्येच निघाला होता. पण तो जाहीरपणे मांडण्याचे धैर्य त्याला 1831 पर्यंत झाले नाही.

पुढे वृत्तपत्रांच्या आणि सभांच्या साहाय्याने ही शिकवण दूरवर पसरली. 1844 चा वसंत ऋतू काहीही न घडता गेला. इसवी सनाच्या गणनेत शून्य वर्ष नाही, त्यामुळे हिशेबात एक वर्ष कमी धरले गेले, हे तेव्हा ध्यानात आणून देण्यात आले. मग सॅम्युएल स्नो या अनुयायाने 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस मुक्रर केला. मिलर प्रथम साशंक होता. अखेरच्या काही दिवसांत त्यानेही तो दिवस मानला. काहींनी शेतातील पीक काढले नाही, काहींनी दुकाने बंद केली, काहींनी कर्जे फेडून टाकली. हजारो माणसे त्या रात्री वाट पाहत बसली आणि नेहमीप्रमाणे सकाळ झाली. इतिहासात या घटनेला 'महानिराशा' असे नाव पडले. कित्येकांनी श्रद्धाच सोडली; काहींनी नवा अर्थ शोधला आणि त्यांच्यातूनच 1863 साली सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चची रीतसर स्थापना झाली. अनुयायी पांढरे झगे घालून टेकड्यांवर चढले होते, ही त्यांच्याविषयी पसरलेली कथा मात्र संशोधनाच्या कसोटीस उतरलेली नाही. उपहास करणारेही दंतकथांच्या आहारी जातात, हे यावरून दिसते.

मिलरची वजाबाकी बरोबर होती. चूक त्याच्या आधीची होती: संदेष्ट्याची वाणी म्हणजे भविष्यातील घटनांचे वेळापत्रक, हे त्याचे गृहीतच सदोष होते. मराठी बायबलचा शब्दप्रयोग येथे उपयोगी पडतो. जुन्या भाषांतरांत 'भविष्यवादी' असा शब्द आढळतो. पुढे 'संदेष्टा' हा शब्द रूढ झाला. दुसरा शब्द अधिक यथार्थ आहे. संदेष्टा मुख्यतः आपल्या काळातील लोकांना देवाचा संदेश सांगतो. भविष्याचा उल्लेख त्या संदेशाच्या ओघात येतो. योनाची कथा हेच सांगते. चाळीस दिवसांत निनवे नगरीचा नाश होईल, असे त्याने घोषित केले. नगरवासीयांनी पश्चात्ताप केला आणि नगरी वाचली. भाकीत म्हणून पाहिले तर योना खोटा ठरला. संदेश म्हणून पाहिले तर त्याचे कार्य सफळ झाले.

दानीएलच्या त्या उताऱ्याविषयीही असेच म्हणता येते. अँटिओकस चौथा या राजाने इ. स. पू. 167 मध्ये यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले आणि सुमारे तीन वर्षांनी ते पुन्हा शुद्ध करण्यात आले. आजचे बहुसंख्य अभ्यासक हा उतारा त्या छळाशी जोडतात. मंदिरात सकाळ-संध्याकाळ असे रोज दोन होम होत. 2300 होम म्हणजे 1150 दिवस, असाही अर्थ लावला जातो. छळ सोसणाऱ्यांना 'याला अंत आहे' असा धीर देणे, हे त्या शब्दांचे प्रयोजन होते.

नव्या करारातील 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकाबाबत गैरसमज अधिकच आहेत. ते आशिया मायनरमधील सात मंडळ्यांना लिहिलेले पत्र आहे, आणि बहुतेक अभ्यासक त्याचा काळ पहिल्या शतकाच्या अखेरीस मानतात. त्यातील सात टेकड्यांवर बसलेली बाबेल म्हणजे रोम, हे त्या वाचकांना सांगावे लागत नव्हते. हिब्रू अक्षरांना संख्यामूल्ये असतात. 'नीरो कैसर' या नावाची बेरीज 666 होते. काही प्राचीन हस्तलिखितांत 616 असा आकडा आहे आणि तो त्याच नावाच्या लॅटिन वळणाशी जुळतो. असे असूनही प्रत्येक पिढीने आपल्या शत्रूच्या नावात तो आकडा शोधला. 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द तर या पुस्तकात एकदाही येत नाही. तो योहानाच्या पत्रांत आहे, आणि तेथे तो अनेकवचनातही योजलेला आहे. विश्वासणारे संकटकाळापूर्वी गुप्तपणे उचलले जातील, ही आज बहुश्रुत झालेली शिकवणही एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी याने प्रचारात आणली. सहस्र वर्षांच्या राज्याविषयी ऑगस्टीनने पाचव्या शतकातच प्रतीकात्मक अर्थ मांडला होता.

मग या श्रद्धेला अर्थ उरत नाही काय? उरतो. तो दिवस व ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे मार्कच्या शुभवर्तमानात स्वतः येशूच सांगतो. आणि त्यातून 'जागे राहा' एवढाच बोध काढतो. जागे राहणे म्हणजे काम टाकून आकाशाकडे पाहणे नव्हे. थेस्सलनीका येथील काही जण काम सोडून रिकामे बसले होते, तेव्हा त्यांनी आपल्या श्रमाची भाकर खावी, असे तेथील मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात बजावले आहे.

आशा आणि हिशेब यांत फरक आहे. हिशेब एका तारखेला खरा किंवा खोटा ठरतो आणि खोटा ठरला की माणसाला मोडून टाकतो. आशा माणसाला आजच्या दिवसाचे काम करण्याचे बळ देते. मिलरने आपली चूक मान्य केली. त्याची आशा मात्र मरेपर्यंत टिकली. 1844 च्या त्या सकाळी शेतात उभे असलेले पीक या फरकाची साक्ष देत होते.