इंजिन बांधायचे, पण खर्च किती धरायचा?

प्रश्न : अमरगोळच्या एपीएमसी परिसरातील एका वाचकाची जुनी डिझेल मोटार निळा धूर सोडते, ऑइल पिते. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवावे लागेल. अंदाजपत्रक कसे करावे?

उत्तर : आधी तपासणी, मग पैसे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, एवढेच नक्की. दोष पिस्टन रिंगांचा असू शकतो, व्हॉल्व्ह सीलचा किंवा टर्बोचाही. कॉम्प्रेशन टेस्ट केल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नये. नुसता टर्बो बिघडला असेल तर मोठा खर्च वाचतो.

इंजिन उतरलेच, तर मजुरी, लेथकाम आणि सुटे भाग यांचे आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. खरी गफलत लेथवर होते. सिलिंडर किती झिजलाय हे मोजल्यावरच बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायचे की रिंगांवर भागेल, ते ठरते. क्रँकचेही तसेच. म्हणून पहिल्या आकड्यावर किमान पाव हिस्सा राखीव हवा. इंजिन खाली आहे तोवर क्लचप्लेट बघून घ्यावी. नंतर तीच मजुरी पुन्हा पडते.

22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवर सरसकट 18 टक्के जीएसटी आहे. पक्के बिल मागावेच.

जुने तयार इंजिन बसवायचे असेल, तर इंजिन क्रमांक बदलतो आणि 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार त्याची नोंद आरटीओत करावी लागते.

एकूण खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला, तर ती विकावी.