पायाची बंद रोहिणी : फुगा की बायपास?

पायाच्या रोहिणीत मेदाचे थर साचले की प्रथम चालताना पोटरी दुखते आणि उभे राहिले की दुखणे थांबते. पुढे अंथरुणावरही वेदना सोसवत नाहीत, बोट काळे पडते आणि पाय राहणार की कापावा लागणार, हा प्रश्न येऊन ठेपतो. मधुमेह व तंबाखू ही याची मोठी कारणे. निपाणीच्या शेजारी राहणाऱ्या आपणांस तंबाखूविषयी अधिक काय सांगावे!

अडलेले रक्त पुढे नेण्याचे मार्ग दोन. १९४८ साली पॅरिस येथे जाँ कुन्लिन यांनी रुग्णाच्याच पायातील नीला घेऊन ती अडथळ्याच्या वर व खाली जोडली. नीलेतील झडपा एकाच दिशेने उघडतात, म्हणून ती उलटी करून जोडली. गावातील गर्दी टाळून बाहेरून रस्ता काढावा, तसा हा बायपास. दुसरा मार्ग छिद्राचा. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घेण्यास नकार देणाऱ्या एका वृद्धेची रोहिणी आतून नळ्या सरकवून रुंद केली. पुढे १९७४ मध्ये झुरिचला ग्रुन्टझिग यांनी नळीच्या टोकाशी फुगा बसवला.

छिद्र लहान, मुक्काम थोडा. तेव्हा फुगाच बरा असे कोणीही म्हणेल. परंतु वाणिज्य शाखेचा विद्यार्थी केवळ पहिल्या वर्षाचा ताळेबंद पाहून थांबत नाही. ब्रिटनमधील ४५२ रुग्णांच्या 'बेसिल' चाचणीचे निष्कर्ष २००५ साली आले. सहा महिन्यांनंतर दोन्ही गट जवळजवळ बरोबरीत होते आणि पहिल्या वर्षी शस्त्रक्रियेचा खर्च सुमारे एकतृतीयांशाने अधिक होता. मात्र दोन वर्षांपुढे जगलेल्यांत बायपासचे पारडे जड होऊ लागले.

खरी गंमत पुढेच आहे. २०२२ च्या 'बेस्ट-सीएलआय' चाचणीत, ज्यांच्या पायात चांगली नीला होती अशा रुग्णांपैकी मृत्यू किंवा पायाची गंभीर हानी बायपासनंतर ४२.६ टक्क्यांच्या, तर फुग्याच्या मार्गाने ५७.४ टक्क्यांच्या वाट्याला आली. २०२३ च्या 'बेसिल-२' मध्ये नेमके उलटे घडले! मृत्यू किंवा पाय कापणे बायपासच्या गटात ६३ टक्के, दुसऱ्यात ५३ टक्के.

मग खरे कोण? मला वाटते, या दोन वह्यांची खातीच निराळी आहेत. पहिलीत पुन्हा कराव्या लागलेल्या मोठ्या उपचारांचीही नोंद 'हानी' म्हणून धरली आहे. दुसरीत ती नाही. शिवाय दुसरीतील ३४५ रुग्णांचे अडथळे गुडघ्याखालच्या बारीक रोहिण्यांत होते. निराळ्या खात्यांच्या बेरजा जुळल्या नाहीत म्हणून हिशेबनीस चुकला असे होत नाही.

बेस्ट-सीएलआयमध्ये चांगली नीला नसलेले ३९६ रुग्णही होते. त्यांच्यात दोन्ही मार्गांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणूनच बायपासचा विचार चालू असताना पायाची नीला सोनोग्राफीने तपासून ती पुरेशी रुंद व निरोगी आहे का, हे आधी पाहतात. घरच्यांनी डॉक्टरांना खर्च विचारण्यापूर्वी हेच विचारावे.