मोहाचा पाक झाडाखालीच ठरतो

मोहफुलांचं नाव काढलं की शहरातल्या माणसाला आधी दारू आठवते. माझ्या माहेरी, गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याच्या बाजूला, मोह हा खाण्याचा जिन्नस आहे. भाजलेल्या फुलांचे तीळ घालून लाडू होतात, भाकरीच्या पिठात मोह मळतात, आणि दर उन्हाळ्यात चुलीवर मोहाचा गडद पाक शिजतो. त्यात साखर नाही की गूळ नाही. फूल आणि पाणी, एवढंच. हा पाक करताना आणि जाणत्या बायांच्या हाताखाली शिकताना जे पक्कं झालं, ते लिहिते आहे.

१. फूल पहाटेचंच घ्यावं. होळीच्या सुमारास मोहाची पानं गळून जातात आणि फांद्यांच्या टोकांना कळ्यांचे घोस लागतात. रात्र सरता सरता फुलं टपकायला लागतात, ती उन्हं वर येईपर्यंत. ताजं फूल तळहातावर घेतलं तर फुलाच्या मानाने जड लागतं. रंग फिका, पिवळट. अंग मांसल, आणि चिमटीत दाबलं की बोटं चिकट होतात. बुडाशी एक बारीक भोक दिसतं. फळ धरणारा भाग दांड्यासकट झाडावरच राहतो आणि हा रसाळ भाग त्याच्यावरून निसटून खाली येतो, त्याची ती खूण. म्हणून पडलेली फुलं वेचली तरी फळ बुडत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला त्याच झाडाच्या टोळ्या, म्हणजे बिया, वेचून तेल काढता येतं. इतकं देऊन काहीच न गमावणारं दुसरं झाड माझ्या पाहण्यात नाही. उन्हं चढली की खालचं फूल मलूल होतं, मुंग्या लागतात, गुरंही तोंड घालतात. त्या फुलाचा पाक करू नये.

२. झाडाखाली आग लावू नये. या सगळ्या लिखाणात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. पाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची रीत अनेक गावांत आहे. उन्हाळ्यातलं कोरडं रान, वारा सुटला की ती आग झाडाखाली थांबत नाही. वणव्यांचं हे एक मोठं कारण आहे. मोहाची रोपं जळतात, तेंदू जळतो, जमिनीवरच्या पक्ष्यांची अंडी जळतात. आणि पाकाचंही वाटोळं होतं. राखेत पडलेलं फूल कितीही धुतलं तरी कचकच राहते, धुरकट वास पाकाला येतोच. खराट्याने पाला बाजूला सारायला सकाळची थोडी मेहनत पडते. त्याहून चांगलं म्हणजे झाडाखाली जाळी बांधायची किंवा जुनी लुगडी अंथरायची. फूल मातीला लागतच नाही. जाळीवरच्या फुलाचा पाक मी केला तेव्हा त्याचा रंग इतका स्वच्छ आला, की तेव्हापासून दुसरं फूल घ्यावंसं वाटत नाही.

३. एकटीने जाऊ नये. अस्वलाला मोह फार आवडतो आणि त्याचीही वेळ पहाटेचीच. चंद्रपूर-गडचिरोलीत मोह वेचायला गेलेल्या माणसांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्याही येत राहतात. वेचणारं माणूस खाली वाकलेलं असतं, त्याचं लक्ष जमिनीवर असतं. चार जणींनी मिळून, मोठ्याने बोलत जावं, आणि नीट उजाडल्याशिवाय आत शिरू नये. चार फुलं कमी मिळाली तरी चालतील.

४. झाड कोणाचं ते विचारावं. रानातलं झाड म्हणजे बेवारस नव्हे. कोणत्या घराने कोणत्या झाडाखाली वेचायचं हे गावात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा गावाचा हक्क कागदावरही मान्य केला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बाहेरच्याने हौसेपोटी पिशवी भरून नेऊ नये. हवी असतील तर विकत घ्यावीत.

५. वाळवण अंगणातलं असलं तरी स्वच्छ हवं. ताडपत्रीवर किंवा चटईवर पातळ थर पसरायचा, कडक उन्हात तीन-चार दिवस, रात्री झाकून. फूल मनुक्यासारखं तांबूस, सुरकुतलेलं झालं की झालं. मग केसर काढायचे. वाळलेली फुलं हलक्या हाताने चोळली किंवा काठीने झोडपली की आतले केसर सुटतात, सुपात पाखडले की उडून जातात. या कामाचा कंटाळा फार येतो. शेजारची म्हातारी आजी माझ्या सुपाकडे बघत म्हणाली होती, “नीट पाखड वो बाई, केसर राहला तं पाक घशाले लागते.” ते खरं आहे. पाक गोड होतो, पण मागून घसा खवखवतो, आणि मग खाणारा मोहाला नाव ठेवतो.

६. भिजत घालून झोपी जाऊ नये. एक किलो सुक्या फुलांना तीन लिटर पाणी. धुऊन दोन तास भिजवायची, त्याहून जास्त नाही. चैत्रातल्या उष्म्यात रात्रभर भिजलेला मोह सकाळी फसफसतो. रानातलं यीस्ट फुलासोबतच येतं आणि साखरेचं मद्य करायला लागतं. भिजल्यावर त्याच पाण्यात अर्धा तास उकळायचं, फुलं फुगून मऊ झाली की सुती कापडातून गाळायचं. पहिला रस आपोआप ठिबकू द्यावा, पिळू नये. त्याचा पाक नितळ होतो. मग चोथ्यात थोडं पाणी घालून, पुन्हा उकळून, पिळून जो गढूळ रस निघतो तो लाडवांसाठी वेगळा आटवायचा. उरलेला चोथा बैलांना, तोही थोडाथोडा.

७. शेवटच्या टप्प्यात चुलीपासून हलू नये. सुरुवातीला आच मोठी चालते. वर मळी येईल ती झाऱ्याने काढत राहायची. आधी बुडबुडे मोठे आणि पाणचट असतात. नंतर ते बारीक, दाट होतात, आवाज जड होतो. इथून आच मंद. मोहाच्या साखरेत फळसाखरेचा आणि ग्लुकोजचा वाटा मोठा असतो, म्हणून हा पाक सहसा दाणेदार होत नाही, पण लवकर करपतो. थंड ताटलीवर थेंब टाकून ताटली तिरपी करावी. थेंब सावकाश सरकला आणि बोटांत एक तार आली की उतरवावा. किलोभर सुक्या फुलांचा अर्धा ते पाऊण किलो पाक होतो. पातळ ठेवला तर आंबतो.

८. बरणी काचेची, कोरडी, चमचाही कोरडा.

९. आंबिलीत घालून खाऊन पाहा, ताकात नको. ज्वारीच्या भाकरीशी तर फारच छान लागतो. जवस भाजून, कुटून, त्यात हा पाक घातला की पावसाळाभर पुरतील असे लाडू होतात. मोहाचा स्वतःचा उग्र वास पाकात राहतोच. तो झाकायला वेलदोडा घालणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि रानातला असला तरी हा साखरेचाच पाक आहे; मधुमेह असलेल्यांनी त्याला औषध समजू नये.

१०. फुलाची लाज सोडावी. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात मोहफुलांच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर वर्षानुवर्षं बंधनं होती. वेचणाऱ्या बाईला आपलंच फूल चोरट्यासारखं, मिळेल त्या भावाने दारावरच्या व्यापाऱ्याला विकावं लागे. २०२१ मध्ये राज्य सरकारने ही बंधनं सैल केली. पण भाव अजून दारूच्या भट्टीच्या हिशोबानेच लागतो. तिथे मातीतलं फूल आणि जाळीवरचं फूल एकाच पोत्यात जातं. खाणारं गिऱ्हाईक वाढलं तरच स्वच्छ फुलाला किंमत येईल आणि झाडाखालची आग थांबेल. तेव्हा मोह विकत घ्याल तेव्हा जाळीवर झेललेला मागा, केसर काढलेला मागा, आणि त्या कष्टाचे पैसे वेचणाऱ्या बाईच्या हातात वेगळे द्या.