लिनक्समधील नको असलेली पॅकेजेस कशी काढावीत?



शाळेतल्या किंवा घरच्या जुन्या संगणकावर 'डिस्क भरली' असा संदेश आला की आपण आधी मुलांची चित्रे, व्हिडिओ पुसायला लागतो. थांबा! जागा अनेकदा भलतीकडेच अडकलेली असते. आजची पद्धत उबुंटूवर आणि सी-डॅकच्या 'बॉस' लिनक्सवर चालते, कारण दोन्ही डेबियनवर आधारित आहेत.

आधी एक उदाहरण घेऊ. स्नेहसंमेलनासाठी माइक आणला. त्याच्यासोबत वायर, स्टँड, एक्स्टेन्शन बोर्डही आला. माइक परत गेला, बाकीचं सामान कोपऱ्यात पडून राहिलं. लिनक्समध्येही तसंच होतं. एका सॉफ्टवेअरसोबत इतर पॅकेजेस आपोआप येतात आणि मूळ सॉफ्टवेअर काढलं तरी मागे राहतात.

टर्मिनल उघडून पुढील आज्ञा इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर दिसत नाही, घाबरू नका.

१) सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह : मागे राहिलेली पॅकेजेस काढते. अपडेटनंतर साचलेले जुने कर्नलही यातच निघतात. चालू कर्नल सुरक्षित राहतो.

२) सुडो एपीटी क्लीन : डाउनलोड होऊन साठलेल्या इन्स्टॉलच्या फायली पुसते. बसवलेल्या सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. ऑटोरिमूव्ह आधी यादी दाखवतो आणि 'पुढे जाऊ का?' असं विचारतो. इथे नुसतं एंटर दाबलं तरी 'हो' धरलं जातं! म्हणून यादी शांतपणे वाचा. तो एक्स्टेन्शन बोर्ड आता वर्गातल्या टीव्हीला लावला असेल तर? संगणकाला ते कळत नाही. मुलं रोज वापरतात असं काही यादीत दिसलं तर 'एन' दाबा. मग 'सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल' लिहून पुढे त्या पॅकेजचं नाव द्या. आता ऑटोरिमूव्ह त्याला हात लावणार नाही.

आमच्या राणीसावरगावसारख्या ठिकाणी मोबाइलच्या नेटवर एखादं सॉफ्टवेअर पुन्हा उतरवायचं म्हणजे दिवसाचा डेटा गेलाच समजा. त्यापेक्षा दोन मिनिटं वाचन बरं.

आणि हो, होम फोल्डरमधली मुलांची चित्रे या दोन्ही आज्ञांनी जात नाहीत. वर्गात हे करताना यादी मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या. काढण्याआधी वाचायची सवय त्यांनाही लागेल.