कुठे खर्च करावा, कुठे हात आखडता घ्यावा
पन्नाशीनंतर लिहू लागणाऱ्यांसाठी

मुलं मार्गी लागली, नोकरी उतरणीला लागली आणि इतकी वर्षं मनात साठलेलं कागदावर उतरवावंसं वाटू लागलं, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘पुस्तक कधी काढताय?’ नेमक्या या प्रश्नापाशी लोकांचे पैसे जातात. लिहायला शिकण्याचा खर्च फार थोडा आहे, छापण्याचा मात्र बराच. आणि बहुतेक जण दुसरा खर्च आधी करतात. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा लक्ष्मीबाई टिळकांनी पासष्टी ओलांडली होती. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं, तेही त्यांच्या साठीनंतर. तेव्हा उशीर झाला म्हणून घाई करायचं कारण नाही.

सुरुवातीच्या वर्षात खिशाला जवळपास काहीच झळ लागत नाही. लिहायला हातातला फोन पुरतो. जीबोर्डवर मराठी टंकलेखन फुकट आहे, आणि बोललेलं टिपून घेण्याची सोयही आहे. फक्त बोलून उतरवलेल्या मजकुरात विरामचिन्हं आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासायला तेवढाच वेळ घालवावा लागतो. रोज पानभर लिहिणार असाल तर फोनला जोडायचा साधा कीबोर्ड घ्या, हजार-दीड हजारात मिळतो. नवा लॅपटॉप लागत नाही. एक पथ्य मात्र पहिल्या दिवसापासून पाळा: मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. कुणी जुन्या फॉन्टात टाइप करून दिला तर तो पुढे प्रत्येक ठिकाणी अडतो. मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठीसारखे युनिकोड फॉन्ट फुकट उतरवून घेता येतात.

वाचनावर मात्र खर्च करा. गावातल्या वाचनालयाची वर्गणी ही या सगळ्या यादीतली सर्वांत फायद्याची खरेदी. एखाद्या साप्ताहिकाची किंवा मासिकाची वर्गणी भरा, म्हणजे आज कोण काय लिहितंय ते कळतं. शब्दकोशासाठी पैसे मोडायची गरज नाही. मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ दोन्ही इंटरनेटवर फुकट पाहता येतात. विकत घ्यायचाच तर यास्मिन शेख यांचा ‘मराठी शब्दलेखनकोश’ किंवा अरुण फडके यांचा ‘मराठी लेखन-कोश’, यांपैकी एक टेबलावर ठेवा.

कार्यशाळांचं पीक आलं आहे. फी काहीशे रुपयांपासून काही हजारांपर्यंत. पैसे भरण्यापूर्वी एकच विचारा: माझं लेखन कुणी वाचून, खुणा करून परत देणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर ते व्याख्यान आहे, आणि व्याख्यानं गावोगावी फुकट असतात. प्रातिनिधिक कवितासंग्रहात ‘सहभाग शुल्क’ घेऊन दोन पानं देणारे, किंवा नोंदणीचे पाचशे घेऊन शाल, सन्मानचिन्ह आणि फोटो देणारे, यांच्याकडे वळूच नका. तो साहित्यव्यवहार नाही, फोटोव्यवहार आहे.

उलट दिवाळी अंकाला लेख पाठवायला लागतो फक्त ईमेल. मराठीतला पहिला दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली काढला. तेव्हापासून नव्या माणसाला आत शिरायचं हे दार उघडं आहे. लेख जून-जुलैपर्यंत पोचवा, गणपतीत पाठवलेल्या लेखाला जागा नसते. मानधन मोठ्या अंकांत मिळतं, छोट्यांत अंकाची प्रत. नकार बहुधा कळवतच नाहीत. तीन महिने वाट पाहून दुसरीकडे पाठवावं.

आता ज्यावर सढळ हाताने खर्च करावा असं मला वाटतं ते: संपादन. लोक याला मुद्रितशोधन समजतात. मुद्रितशोधक वेलांटी, अनुस्वार, रफार बघतो. संपादक वाक्य कशाला आहे ते विचारतो. समजा तुम्ही लिहिलंत, ‘बालपणीच्या त्या रम्य दिवसांत आमच्या वाड्यात फराळाचा घमघमाट दरवळत असे.’ चांगला संपादक ‘रम्य’ला काट मारेल, घमघमाट असताना दरवळ कशाला असं समासात लिहील आणि विचारेल, पहिला घाणा कुणाकडे निघायचा? मग तुम्ही लिहाल, ‘वाड्यात पहिली चकली जोश्यांकडे पडायची, आणि ती बिघडली की सगळ्या बायका तिथे गोळा व्हायच्या.’ पहिलं वाक्य कुणीही लिहील, दुसरं फक्त त्या वाड्यात राहिलेला माणूस. सगळं हस्तलिखित एकदम देऊ नका. पाच-सहा हजार शब्दांचं एक प्रकरण द्या, तेवढ्याचे पैसे भरा. त्यातून जे कळेल ते उरलेल्या प्रकरणांना स्वतःच लावता येतं.

पुस्तक काढायचंच ठरलं तर हिशेब पानांपासून सुरू होतो. डेमी आकाराच्या पानावर साधारण अडीचशे शब्द मावतात. चाळीस हजार शब्दांचं पुस्तक १६० पानांचं, म्हणजे सोळा पानी दहा फॉर्म. पानं सोळाच्या पटीत बसवा, नाहीतर कोऱ्या पानांचेही पैसे भरता. आता समजा जुळणीचा दर पानाला ४० रुपये, तर ६,४०० झाले. मुद्रितशोधनाच्या दोन फेऱ्या मिळून पानाला तेवढेच, आणखी ६,४००. मुखपृष्ठ ४,०००. हे झाले १६,८००. तीनशे प्रती शंभर रुपयांनी छापल्या तर ३०,०००. एकूण ४६,८००, म्हणजे प्रत पडली १५६ रुपयांना. किंमत ठेवली २५०. विक्रेता ४० टक्के घेतो असं धरलं तर हातात येतात १५०. सगळ्या प्रती खपल्या तरी प्रतीमागे सहा रुपये तोटा. आणि सगळ्या खपत नाहीत, शंभरएक तर नातेवाइकांना सप्रेम भेट जातात! दर तुमच्या गावात वेगळे निघतील, म्हणून तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या. जुळणी, शोधन, मुखपृष्ठ आणि छपाई यांचे आकडे सुटे मागा. ‘सगळं मिळून इतके’ असं पॅकेज सांगणाऱ्याला फोड करून द्यायला लावा.

छापखान्यात अजूनही श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांत काम चालतं. तुमचा युनिकोड मजकूर तिथे रूपांतरित होतो तेव्हा ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ यांतला ऱ्य-ऱ्हचा आकार आणि ‘ॲ’ हमखास मोडतो. म्हणून शेवटची मुद्रितं रूपांतरानंतरच तपासायची. काम संपल्यावर पीडीएफसोबत मूळ फाईलही मागून घ्या, आणि हे आधीच लेखी ठरवा. नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला पुन्हा जुळणीचे पैसे.

पॅकेजमध्ये ‘आयएसबीएन शुल्क’ दिसलं तर तिथेच थांबवा. आयएसबीएन केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय एजन्सी फुकट देते, लेखकाला स्वतःही अर्ज करता येतो. कॉपीराइट लिहिताक्षणी तुमचाच असतो आणि तुमच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे. त्यासाठी पाच हजार सांगणारे भेटतात. स्वतः प्रकाशक झालात तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे चार प्रती ठरावीक ग्रंथालयांना तीस दिवसांत स्वखर्चाने पाठवायच्या असतात. त्यांतलं एक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे.

प्रकाशकाने छापायचं कबूल करून ‘लेखकाने दोनशे प्रती विकत घ्याव्यात’ अशी अट घातली, तर त्या प्रतींची किंमत हाच तुमचा छपाईखर्च समजा आणि वरच्या हिशेबाशी ताडून बघा. करारात प्रती किती छापणार, मानधन छापील किमतीवर की विक्रीच्या रकमेवर, आणि हक्क किती वर्षांसाठी, एवढं तरी हवंच. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. तिची जाहिरात निघते, त्या वर्षीच्या अटी वाचून अर्ज करा. खर्चच नको असेल तर किंडलवर मराठी ई-पुस्तक चढवायला पैसे पडत नाहीत. लेखकाला ३५ टक्के मिळतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर ते ई-पुस्तक दुसरीकडे ठेवता येत नाही.

आणि टपाल. रजिस्टर्ड बुकपोस्टची जुनी स्वस्ताई बंद झाली. मे २०२५ पासून त्याजागी ज्ञानपोस्ट आलं आहे: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. सत्तर ग्रॅमच्या कागदावरचं आपलं १६० पानी पुस्तक १९० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे पाकिटासकट पहिल्याच टप्प्यात बसतं. जाहिराती असलेली पुस्तकं ही सेवा घेत नाही आणि पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव लागतं. तेव्हा शेवटच्या पानावर मेव्हण्यांच्या दुकानाची जाहिरात घेऊन छपाईचे हजार रुपये वाचवायचा विचार असेल, तर आधी टपालाचा फरक मांडून बघा.